हा मासा धरायचा नाही

घरात समुद्राच्या पाण्याची टाकी असली की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही. पाणी उडून काचेच्या कडेला मिठाची खपली धरते ना, तसे ते आपोआप साचत जातात. त्यात टाकी सोलापुरात असली तर बघायलाच नको. इथं नळाला रोज पाणी येत नाही, आणि आम्ही आहे ते पाणी आरओतून काढून, त्यात समुद्री मीठ कालवून माशांना देतो, हे ऐकलं की आलेला माणूस खुर्ची पुढं ओढतो. मग विचारतो, "मासे किती आहेत?"

इथंच आमची गोची होते. कारण आमच्याकडे मासे सहसा मरत नाहीत. नाहीसे होतात.

टाकी आणली माझ्यासाठी. मी लवकर दचकते. कुकरची शिट्टी, दाराची बेल, कुणी मागून नुसतं "अगं" म्हटलं तरी! बी.एस्सी. होऊन अकरावी-बारावीचे बायोलॉजीचे क्लास घेते, पण वर्गातला पंखा करकरला तरी माझ्या हातातला खडू पडतो. मासे बघून मन शांत होतं, असं कुणीतरी अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणजे माझे वडील. टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहेत, दिवसभर मागांचा खडखडाट ऐकतात, त्यामुळे शांततेची कल्पना त्यांनाही पटली.

टाकी आली, आणि निळा मासा पहिल्याच महिन्यात गायब झाला. पाण्यावर तरंगताना नाही, तळाशी नाही, फरशीवर उडी मारून पडलेला नाही. दगड हलवून पाहिले, फिल्टर उघडला. मी टाकीसमोर बसून रडले ते वेगळंच.

*

पहिला संशय समोरच्या आपांच्या मांजरावर गेला. मांजर आमच्या गॅलरीतूनच ये-जा करतं. पण शेजाऱ्यांना असं विचारायचं कसं? मी वाटीभर शेंगाचटणी घेऊन गेले, इकडचं तिकडचं बोलले, आणि हळूच म्हटलं, आपा, मनी आमच्या टाकीकडे फार बघत असते हो.

आपांना लगेच कळलं. त्यांनी मनीला उचलून मांडीवर घेतलं आणि शांतपणे म्हणाल्या, "खारे पानी की मछली हमारी मनी खाती नै, बेटा. उसको बीपी है."

मी चटणी ठेवून परत आले.

*

त्यानंतर अण्णांनी नियम केला. अजून एक मासा गेला तर टाकी देऊन टाकायची. "तुझं मन शांत व्हावं म्हणून आणली की गं. तू तर झोपेतबी मासे मोजायलीस."

मला टाकी घालवायची नव्हती. कितीही धास्ती वाटली तरी तिच्यासमोर बसल्यावर माझं दचकणं थांबायचं, हे मला एकटीलाच ठाऊक होतं. म्हणून माशांवर चोवीस तास पहारा हवा होता. नेमके तेव्हाच सांगोल्याहून मामा आले. मामांची शेरडं आहेत. त्यांना सगळी हकीगत सांगितली तर ते हसले. एवढा मोठा कळप माळावर एकटा संभाळतो, हा वीतभर हौद काय घेऊन बसलीस, म्हणाले. मी क्लासला निघाले तेव्हा ते काठी मांडीवर आडवी घेऊन टाकीसमोर बसले होते. आईनं सांगितलं, चहालासुद्धा उठले नाहीत.

संध्याकाळी मी येऊन पाहिलं तर पट्ट्यापट्ट्यांचा मासा नव्हता.

मामांनी वाकून टाकीत पाहिलं. मग काठी भिंतीला टेकवत म्हणाले, "पोरी, म्या डोळा झाकला न्हाय. त्यो गेला न्हाय. त्यो आदीच नव्हता."

मी अण्णांकडे पाहिलं. गेली टाकी! पण मासा गेला म्हणावं तर राखणदार मेव्हणा, आणि आई तिथंच उभी. अण्णा टॉवेलनं मान पुसत म्हणाले, "पाव्हण्यांच्या राखणीतला हाय. हा मासा धरायचा नाही."

*

एका माशाचं कारण मात्र पक्कं सापडलं, आणि ते मीच निघाले.

मैत्रिणीच्या लग्नाला बार्शीला गेले होते. दुपारी आईचा फोन आला, "टाकीचं मीठ वाढलंय गं." मला वाटलं, बरोबर आहे. उन्हाळा आहे, पाणी उडालं असणार, मागं राहिलं ते खारट झालं. मी मांडवातूनच सांगितलं, एक बादली काढ आणि आरओचं साधं पाणी ओत. संध्याकाळी परत विचारलं, आता मीठ कसं आहे? आई म्हणाली, "वाढलेलंच आहे की." म्हटलं, अजून एक बादली बदल. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच. तिसरी बादली!

घरी येऊन पाहते तर टाकीचं पाणी जवळजवळ गोडं, आणि जांभळा मासा तळाशी आडवा. टाकीशेजारी समुद्री मिठाचा डबा होता. पार रिकामा.

मग डोक्यात उजेड पडला. आमच्या घरात मीठ संपलं असं कधीच म्हणत नाहीत. बांगडी फुटत नाही, वाढते. मीठ संपत नाही, वाढतं. हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण कॉलेजात क्षार शिकले आणि ऐनवेळी तेवढंच आठवलं.

आईला विचारलं, मग तुला विचित्र नाही वाटलं? ती म्हणाली, "मीठ नाही तर तू अळणीच चालवायला सांगतेस, असं वाटलं."

अण्णा आले. सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, "मीठ संपलं म्हणायचं नाही, हे तिला माझ्याच आईनं शिकवलंय." रिकाम्या डब्याला झाकण लावत म्हणाले, "हाबी धरायचा नाही."

*

मधे टाकीतून आवाज यायला लागला. कट्... कट्. मी वाचलं होतं की दगडातून लपून एका जातीची कोळंबी येते, ती हातोड्यासारखा ठोसा मारते, मासे खाते, काचसुद्धा फोडते. काचेला कान लावून बसले. कट्. आईला हाक मारली, तिनंही कान लावला. कट् कट्. सगळे दगड एकेक करून बादलीत काढले. टाकीत नुसती वाळू आणि तीन घाबरलेले मासे. तरी आवाज येतोच आहे!

आईनं टाकीमागचा पडदा सरकवला. पलीकडं अण्णा पेपर वाचत कडक भाकरी खात होते.

*

त्या तिघांत एक नारिंगी जोडी आणि एक पिवळा. पिवळा बोटाएवढा, दगडाखालून तोंड काढून बसायचा. एके दिवशी तो दिसेना. आता पाहुणे नव्हते, मीठ भरपूर होतं, आवाज नव्हता. कुणाच्या नावावर घालायलाच काही उरलं नव्हतं.

मी कुणाला बोलले नाही. पुण्याच्या दुकानाला फोन करून तसाच पिवळा मागवला. थर्माकोलच्या खोक्यातून बसनं आला. अण्णा कारखान्यात आणि आई देवळात गेल्यावर टाकीचं पाणी पिशवीत थेंब थेंब मिसळून त्याला सोडला. सोडल्यासोडल्या तो दगडाखाली शिरला, तो काही बाहेर येईना.

एका सकाळी मी खाणं टाकलं आणि पिवळा बाहेर आला. पाठोपाठ दुसरा पिवळा! माझ्या हातातून डबी पडली. अण्णा डोक्याला साबण तसाच ठेवून धावत आले, आणि टाकीत बघून एकदम ओशाळले.

"दोन दिस तो दिसंना," ते खाली बघत म्हणाले. "म्हटलं, तुला कळायच्या आत घालावा. त्याच दुकानातनं मागवला. तू क्लासला गेलीस तवा सोडला."

मी विचारलं, पाणी मिसळून?

"थेंब थेंब. तू करतीस तसंच."

टाकी देऊन टाकणारा माणूस टाकीसमोर ओल्या पंच्यात उभा होता, साबण डोळ्यात चाललेला. एवढ्यात आई काय झालं म्हणून पीठभरल्या हातानं बाहेर आली. मी तिला दाखवलं, हा डावीकडचा माझा आणि तो उजवीकडचा अण्णांचा.

आईनं वाकून नीट पाहिलं.

"आणि तो दगडाखालून तोंड काढून बसलेला तिसरा?"