स्टिकांची ठकठक

काल कार्यक्रमासाठी गिटार घेऊन रेवदंड्याला रिक्षातून उतरलो आणि वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आला. त्या वासानं अजूनही माझी कानशिलं तापतात.

गुडघा गेला, हॉकी सुटली आणि मी रॉक गायला लागलो, तेव्हाचा माझा पहिला कार्यक्रम इथेच, बंदराजवळच्या मांडवात झाला होता. दुसऱ्याच गाण्यात मी शब्द विसरलो. ड्रम थांबले. पुढची माणसं हसली. तेवढ्यात मागून ठक, ठक, ठक असा आवाज सुरू झाला. आमची हॉकीची अख्खी टीम सरावावरून थेट तिथे आली होती आणि स्टिका जमिनीवर आपटत होती.

"घे रं, परत घे!" आमचा गोलकीपर नितीन ओरडला.

मला वाटलं, टीम सोडली म्हणून हे माझी टर उडवतायत. गिटार तिथेच टाकून मी मांडवामागून पळालो.

मला कळलं कसं नाही? आमच्यात कुणाचा गोल हुकला की सगळे अशाच स्टिका आपटायचे, 'असू दे, पुन्हा मार' म्हणून. आणि ती ठकठक दर वेळी मीच सुरू करायचो.