धूर कोणीकडे चालला?

मार्गशीर्षातल्या सकाळी भिजल्या उडदाच्या डाळीला एक मंद, आंबूस ऊब येते; त्यात किसलेल्या कोहळ्याचा हिरवट, पाणीदार गंध मिसळतो आणि वरून कारखान्याच्या कोक भट्ट्यांकडून आलेला करपट वासाचा एक बारीक धागा त्यात ओवला जातो, की माझ्यापुरता हिवाळा सुरू होतो. रसिक माणसांचा हिवाळा म्हणे धुक्याने आणि शेवंतीने सुरू होतो. मी हजेरी कार्यालयातला कारकून. माझे सगळे ऋतू स्वयंपाकघराच्या मागच्या दारानेच आत येतात.

ते मागचं दार आणि त्यापुढचा हातरुमालाएवढा मातीचा तुकडा, हे माझ्या बायकोचं, कमलचं राज्य होतं. मध्य प्रदेशच्या या टोकाला, नागपूरहून रात्रीच्या गाडीनं निघालं की पहाटे उतरावं अशा या पोलादाच्या गावात, ती भंडाऱ्याकडच्या माहेराहून लग्नानंतर आली तेव्हा पदराच्या गाठीत दोन-चार जातींचं बी घेऊन आली होती. एकसारख्या क्वार्टरांच्या एकसारख्या रांगेत आमचं घर ओळखायचं ते मागच्या कुंपणावरून ओघळणाऱ्या वालाच्या जांभळ्या फुलांवरून. आमच्या घरातलं पाणी कधी सरळ नालीत गेलं नाही. तांदळाचं धुवण मेथीला जाई, भांड्यांचं केळीला, आणि चहाचा चोथा दाराजवळच्या एकुलत्या गुलाबाला. कोहळा कापला की गराच्या वड्या होत, सालीची चटणी होई, पिळून निघालेल्या पाण्यात कणीक भिजे. उरलेला बियांचा गुंता कोपऱ्यातल्या खताच्या खड्ड्यात जाई आणि मला वाटायचं की शेवटी काहीतरी वाया गेलं एकदाचं. पण आषाढात त्याच खड्ड्यातून वेल वर येई. काटकसर हा शब्द तिनं कधी उच्चारला नाही. तिच्या लेखी ती फक्त वस्तूंशी वागण्याची रीत होती.

या राज्यात माझी नेमणूक कुठल्याच पदावर नव्हती, आणि त्याला सबळ कारणं होती. कोथिंबीर समजून मी एकदा महिनाभर गाजरगवताला पाणी घातलं, इतक्या निष्ठेनं की ते माझ्या गुडघ्यापर्यंत आलं. दुसऱ्या खेपेला दोडक्याच्या वेलासाठी बांबूचा मांडव हवा असं ती म्हणाली, तेव्हा लोखंडाच्या गावात राहून बांबू कसला, अशा अभिमानानं मी जवळच्या कुम्हारी गावातल्या भंगारवाल्याकडून सळ्या आणून असा भक्कम मांडव उभा केला की त्यावर हत्ती वाळत घालता आला असता. चैत्रात त्या सळ्या तापल्या आणि वेलाचे कोवळे, कुरळे तणावे ज्या विश्वासानं त्यांना जाऊन बिलगले त्याच विश्वासानं एका दुपारीत करपून गेले. कमलनं मांडवाची एक सळई बोटानं चाचपून पाहिली. मग म्हणाली, "कपडे वाळवाले बरा आहे." तो अजून उभा आहे. माझ्या हातून या घरात टिकाऊ असं तेवढंच काय ते घडलं.

एक काम मात्र वर्षातून एकदा माझ्याशिवाय अडायचं. कोहळा हा घरातला थोरला मुलगा, म्हणून बाईनं त्याच्यावर पहिला वार करायचा नाही, ही तिच्या आईची, आजीची रीत. आम्हाला एकच लेक, शोभा, मुलगा नाही, म्हणून असेल, ही रीत कमल जरा जास्तच हळुवारपणे पाळायची. छपरावर पिकून राखेनं माखल्यासारखा पांढुरका झालेला कोहळा खाली उतरे, त्याला हळदकुंकू लागे, आणि मग मला हाक येई. मी दाढी करून, सदरा बदलून, एखाद्या सेनापतीसारखा यायचो, सुरा उचलायचो आणि एक घाव घालायचो. कोहळा कर्रकन उकले. मी पुढच्या पराक्रमाच्या तयारीनं सुरा पुन्हा उचलतो न उचलतो तोच ती म्हणे, "बस. व्हा आता बाजूले." माझ्या संसारातल्या कर्तेपणाचं सगळं सार त्या दोन वाक्यांत आहे, आणि त्यात मी फार सुखी होतो.

दुसरी रीत तिची माहेरची नव्हती, ती तिनं इथेच शिकून घेतली. वाळवण घालण्याआधी आमच्या रांगेतल्या सगळ्या बाया आधी उत्तरेला, कारखान्याच्या चिमण्यांकडे बघत. धूर पश्चिमेला दुर्ग शहराकडे कललेला असला तर ठीक, पूर्वेला कुम्हारीकडे असला तर त्याहून बरा. आपल्याच दिशेनं डोकं काढून निघाला असेल तर खाटा आत घ्यायच्या, कारण दुपारपर्यंत शुभ्र वड्यांवर काळे कण उतरणार. सकाळी हात पुसत दाराशी येऊन ती विचारी, "धूर कोणीकडे चालला?" हा प्रश्न नेहमी मला असे आणि उत्तर नेहमी तीच बघून घेई, कारण माझ्या दिशांवर तिचा भरवसा नव्हता.

गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात तिच्या पोटातलं दुखणं डॉक्टरांनी नाव घेऊन सांगितलं, आणि मग काही सांगायचं थांबवलं. दिवाळीनंतर ती उठून चुलीपाशी जाईनाशी झाली. मी सकाळी तिची खाट मागच्या अंगणात उन्हाला टाकायचो, त्या लोखंडी मांडवाच्या जाळीदार सावलीत, आणि ती तिथून आपल्या बागेकडे बघत पडून राहायची. जेवणावरची वासना गेली होती. एका सकाळी छपराकडे बघत ती म्हणाली, "कोहळा उतरवा. शोभाचा डबा राहिला आहे."

शोभा नागपूरला दिलेली. दर संक्रांतीला ती माहेरी येई आणि जाताना वड्यांचा पत्र्याचा डबा घेऊन जाई. लग्न झाल्यापासून एकही संक्रांत त्या डब्याशिवाय गेली नव्हती. मी म्हणालो, या वर्षी राहू दे, पोरीला कळतं सगळं. कमलनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी पुन्हा गाजरगवताला पाणी घालत होतो. मग शांतपणे म्हणाली, "तिले दिसला पाहिजे डबा. रिकामा डबा पाहून काय समजंल ते?" तेव्हा मला कळलं की वड्यांच्या आडून ती काय राखू पाहत होती.

म्हणून मी कोहळा उतरवला, म्हणजे शिडीवरून माझ्या हातून तो निसटला आणि सुदैवानं मेथीच्या वाफ्यात पडला. हळदकुंकू तिनं खाटेवरूनच लावलं. मी घाव घातला, तो उकलला, आणि सवयीनं मी वाट पाहत उभा राहिलो. ते 'बस' काही आलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि मी हातात सुरा घेऊन, पुढे काय करायचं असतं हे आयुष्यात पहिल्यांदा न ठाऊक असल्यासारखा, खरोखरच न ठाऊक असलेला, तिच्यापुढे उभा होतो. "आता बाजूले होऊन जमन नाही," ती हळूच म्हणाली. "बसा."

मी बसलो. तिनं सांगितलं तसा गर काढला, किसला, बोटांची सालंही किसली, पंच्यात बांधून पिळला. शेजारच्या बिसाहिनबाईंनी डाळ पाट्यावर वाटून दिली होती. इथल्याच, छत्तीसगढी मुलखातल्या त्या, कोहळ्याला रखिया म्हणतात आणि त्यांच्या घरीही या दिवसांत हेच चालतं. मग फेटणं. पांढरं पीठ परातीत हातानं इतकं फेटायचं की त्याचा एक थेंब वाटीभर पाण्यात टाकला तर तरंगला पाहिजे. माझा थेंब दगडासारखा तळाला जाई. कुंपणावरून बिसाहिनबाई सांगत, "अउ फेंटव भैया, हाथ झन रोकव," म्हणजे अजून फेटा, हात थांबवू नका. मी फेटत होतो, खांद्यातून कळा येत होत्या, आणि माझे थेंब एकामागून एक बुडत होते. पाचव्या की सहाव्या थेंबाला कमल हसायला लागली. पोट दाबून, दुखतं तरी, हसत राहिली. "काऊन बुडून राहिले ते?" ती म्हणाली. "तुमच्यावानी साधे आहेत म्हणून." शेवटी एक थेंब बुडता बुडता अर्ध्यावर रेंगाळला. आम्ही दोघांनी संगनमतानं त्याला तरंगला असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं दाट होतं. तिचं जुनं मऊ लुगडं दोरीच्या खाटेवर अंथरून मी परात घेऊन उभा, आणि आतून तिनं विचारलं, "धूर कोणीकडे चालला?" मी उत्तरेला पाहिलं. चिमण्याच दिसत नव्हत्या, धूर कुठला. पण मला घाई होती. संक्रांत जवळ होती आणि तिचे डोळे दिवसेंदिवस खोल जात होते. मी म्हणालो, "दुर्गाकडे."

धुकं विरलं तेव्हा धूर आमच्या डोक्यावर होता. दुपारी कमलला धरून बाहेर आणलं तर त्या वेड्यावाकड्या वड्यांवर बारीक काळे कण सांडले होते, आणि मी दाढीच्या ब्रशानं एकेक वडी झटकत बसलो होतो. ओल्या पिठावरचे कण निघेनात, उलट पसरत होते. ती खाटेच्या कडेला बसली, एक वडी उचलून उन्हात धरली आणि डोळ्यांजवळ नेऊन पाहिली. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "राहू द्या. तीट लागली त्याईले. कोणाची नजर नाही लागन."

वड्या वाळल्या. तिनं डबा कानाशी नेऊन हलवला. आतून खुळखुळ असा कोरडा, खणखणीत आवाज आला, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मला तिकडे बघवेना. झाकण लावताना म्हणाली, "शोभाले सांगू नका तुमी केल्या म्हणून. ते शेजाऱ्याईले वाटून देईन सगळ्या." मी खोटं खोटं रागावलो. ती आमची शेवटची थट्टा.

शोभा संक्रांतीला यायची ती त्याआधीच आली, आणि तिळगुळासाठी नव्हे. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि घरात पुन्हा फोडणी घालायची वेळ आली तेव्हा तिनं तो डबा उघडला. वांगी घालून वड्यांचा रस्सा केला, अगदी आईसारखा. वड्या शिजल्याच नाहीत नीट. प्रत्येकीच्या पोटात एक कठीण गाठ राहिली होती, माझ्या न तरंगलेल्या थेंबांची. शोभा एक घास बराच वेळ चावत राहिली आणि मग तिचे डोळे भरून वाहू लागले. "आईच्याच हातची चव आहे, बाबा," ती म्हणाली. "हात थकला होता तिचा, फेटणं झालं नसेल. पण चव तीच." आयुष्यभर माझ्या हातच्या कुठल्याही पदार्थाला कुणी बरं म्हटलं नव्हतं, आणि ज्या दिवशी म्हटलं त्या दिवशी मला ताटावर मान खाली घालून गप्प बसावं लागलं. कमल असती तर तोंडाला पदर लावून हसली असती.

पण रात्रंदिवस मी तेच घोळवत राहिलो आहे. शोभाची जीभ चुकली असं मला म्हणवत नाही. मीठ किती ते तिनं सांगितलं होतं, कोहळा तिच्या वेलाचा होता, पिळायचं कधी थांबायचं हे तिनं खाटेवरून बोट उचलून दाखवलं होतं. माझे होते ते फक्त खांदे. मग ती चव कुणाच्या हातची? शोभानं त्यातल्या मूठभर वड्या कधीच शिजवायच्या नाहीत म्हणून नागपूरला देवघराच्या कपाटात ठेवल्या आहेत. माझी न जमलेली वडी तीट लावून देवांच्या शेजारी बसली आहे.

खताच्या खड्ड्यातून यंदा वेल आपणहून वर आला. त्याला मी पाणीसुद्धा बेताबेतानंच घातलं, माझा गुण लागू नये म्हणून. छपरावर एकच कोहळा लागला, पिकला, पांढरा झाला. परवा शेजाऱ्यांच्या फोनवर शोभाचा ट्रंक कॉल आला तेव्हा तिनं खरखरीतून विचारलं, "आईच्या वेलाले काही लागलं का, बाबा?" मी म्हणालो, एक लागला आहे.  

काल तो उतरवला, या वेळी न पाडता. ओट्यावर ठेवला आहे. हळदकुंकू मला नीट लावता आलं नाही, बोटाचा ठसा तिरपा उमटला. डाळ भिजते आहे. सुरा शेजारी आहे. या वर्षी वड्या केल्या आणि त्यांना तीच चव आली, तर शोभाला कळेल की मागच्या कुणाच्या होत्या, आणि देवघरातली ती मूठभर वस्तू एका क्षणात साधी होऊन जाईल. नाही आली, तर मला कळेल की ती चव कमलच्याच हातची होती. आणि केल्याच नाहीत, तर डबा रिकामा, जो कमलला शोभाच्या नजरेस पडू द्यायचा नव्हता.

अजून घाव घातलेला नाही. हल्ली रोज सकाळी चहा घेऊन मागच्या दारी येतो, मांडवाच्या गार सळईला हात टेकतो आणि उत्तरेकडे बघतो, आणि धुकं असलं तर ते पूर्ण विरेपर्यंत थांबतो. मग आत कुणी नसलेल्या घराला ऐकू जाईल अशा बेतानं खरं काय ते सांगतो. आज धूर कुम्हारीकडे चालला आहे. वाळवणाला चांगला दिवस आहे.