एकतीस नंबरचा निरोगी माणूस

"काही खाल्लं नाही ना? खरं सांगा. लपवलंत तरी यंत्राला कळतं."

आमच्या पोटविकार विभागाच्या दारात गेली बावीस वर्षं हा प्रश्न ऐकू येतोय. विचारणाऱ्याचं खरं नाव फक्त पगारपत्रकात आहे. बाकी सगळ्यांसाठी ते उपाशीमामा. पेशंटला आत नेणं, खाटेवर झोपवणं, उजवा हात डोक्याखाली घ्यायला लावणं, एवढंच त्यांचं काम. पण चहाचा घोट घेऊन आलेला माणूस त्यांना दारातूनच ओळखू यायचा आणि आल्या पावली परत जायचा. मोठे डॉक्टरही त्यांना वचकून असत. एकदा म्हणे त्यांनी एका न्यायाधीशांना परत पाठवलं होतं, मिशीत बिस्किटाचा चुरा सापडला म्हणून. ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून निदान चाळीसदा ऐकली असेल.

मी त्याच विभागात संशोधनाच्या नोंदी ठेवते. सध्या आमच्याकडे यकृताचा अभ्यास चालू आहे. चरबी साठून यकृत कडक होत जातं आणि माणसाला बरेचदा पत्ताही लागत नाही. हा कडकपणा रक्ताच्या एका नव्या तपासणीतून ओळखता येईल का, ते पाहायचंय. त्यासाठी आजारी माणसं हवीत, तशी तुलनेला साठ निरोगीही हवीत. आजारी माणसं रांग लावून येतात. निरोगी माणूस मात्र दवाखान्यात पाऊल टाकायला तयार नसतो. ती साठ डोकी मामांनी जमवली: लिफ्टवाला, धुलाईघरातल्या बायका, स्वतःचा मेहुणा. एकतिसावे ते स्वतः. "छप्पन्न वर्षांत दारूचा थेंब नाही, डोकेदुखीची गोळी नाही," असं छाती पुढे काढून सगळ्यांना सांगत.

त्या सकाळी मी केक आणला होता. माझी मुलगी नोकरीला लागली होती. मामांनी दोन तुकडे खाल्ले, तिसरा मीच आग्रहाने वाढला. तासाभराने तंत्रज्ञाने हाक मारली, "मामा, आत्ता मोकळा वेळ आहे, तुमचंही उरकून घेऊ." यंत्राने यकृताचा कडकपणा मोजायच्या या तपासणीआधी तीन तास पोट रिकामं लागतं, भरल्या पोटी आकडा वाढतो. तंत्रज्ञाने हसत हसत विचारलं, "काही खाल्लं नाही ना?" दारात चार पेशंट बसलेले. मामा म्हणाले, "मला विचारतोस?" मी समोरच होते. अर्जावर 'उपाशी: होय' असं मीच लिहिलं. तेव्हा गंमत वाटली होती. आता त्या गमतीची लाज वाटते.

चौथ्या दिवशी संशोधनाच्या डॉक्टर माझ्या टेबलापाशी आल्या. त्यांना नावं कळू द्यायची नाहीत असा नियम आहे. त्या फक्त नंबर बघतात, नावांची यादी माझ्या कपाटात कुलपाआड.

"एकतीस नंबर निरोगी गटातला ना? आकडा अकरा पूर्णांक आठ आलाय. सातच्या आत हवा होता. उपाशी होते?"

"हो, तसं लिहिलंय," मी म्हणाले. लिहिलंय, हे तरी खरं होतं.

"मग बोलवून घ्या. पुढच्या तपासण्या कराव्या लागतील. कदाचित सुई घालून यकृताचा तुकडाही घ्यावा लागेल."

मामांना जिन्यात गाठून सांगितलं, तर त्यांनी आधी कठडा धरला. मग एकदम चेहरा उजळला.

"अहो ताई, केक! केकचा आकडा आहे तो."

"मग सांगून टाकू. उपाशीपोटी पुन्हा करतील."

"वेड लागलंय का? बावीस वर्षं लोकांना परत पाठवलं मी. उद्या तो लिफ्टवालासुद्धा विचारेल, मामा, आज काय खाल्लं? आणि त्या अर्जावर सही तुमची आहे, विसरू नका."

ते मी विसरले नव्हते. म्हणून तर गप्प बसले.

दर सोमवारी डॉक्टर विचारायच्या, "एकतीस आले का?" मी सांगायची, बाहेरगावी आहेत. आणि त्याच वेळी एकतीस त्यांच्यासाठी दार धरून उभे असायचे. "काय मामा, बरे ना?" असं विचारून डॉक्टर पुढे जायच्या.

मामा केकला घट्ट धरून होते. पण केकवर पुरता भरवसा असता, तर लिफ्टच्या आरशात पापणी ओढून डोळा पिवळा झालाय का ते त्यांनी पाहिलं नसतं. डब्यातल्या भाजीचं तेल चमच्याने काढून टाकू लागले. उजव्या बरगडीखाली सारखा हात. "ताई, दोन तुकड्यांनी कितीसा वाढत असेल हो?" "तीन खाल्ले होते." "हां, तीन. तिनांनी वाढेल." दिवसातून दोनदा हे संभाषण. मला राग यायचा, त्यांचा, माझा, त्या मेल्या केकचासुद्धा. खरंच काही असलं आणि आम्ही दोघं आपापली अब्रू सांभाळत बसलो, तर मामींना काय तोंड दाखवू?

चौथ्या सोमवारी एक बाई आल्या. चार तास प्रवास करून आलेल्या, पायांना सूज. मामांनी नेहमीचा प्रश्न टाकला. "अर्धा कप चहा घेतला," बाई म्हणाल्या. "बसमध्ये फार मळमळत होतं."

"मग आज नाही होणार. पुढच्या महिन्यात या."

बाई उठल्या नाहीत. "खोटं बोलले असते तर आत घेतलं असतं ना तुम्ही?" चिडून नव्हे, त्यांना खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं.

मामा म्हणाले, "बसा. आता काही घेऊ नका. तीन तासांनी मी स्वतः आत नेतो." आणि तडक डॉक्टरांच्या खोलीत शिरले. मी मागोमाग धावले.

"डॉक्टर, एकतीस मी आहे. केक खाऊन झोपलो होतो."

"आणि उपाशी म्हणून मी लिहिलं," मी म्हणाले.

डॉक्टर रागावल्या, माझ्यावर जास्त. लेखी खुलासा मागितला, आणि ते बरोबरच होतं. मामांना म्हणाल्या, "उद्या सकाळी उपाशी या. खरोखरचे उपाशी."

दुसऱ्या दिवशी मी खाटेशेजारी उभी होते. यंत्राच्या दांडीने बरगडीवर दहा टिचक्या मारायच्या असतात. प्रत्येक टिचकीला मामांचे ओठ हलत होते. पडद्यावर आकडा आला, दहा पूर्णांक चार. तंत्रज्ञाने न सांगता पुन्हा दहा टिचक्या मारल्या. दहा पूर्णांक सहा. केकचा काही दोष नव्हता.

"लवकर सापडलंय," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या तपासण्या करू, वजन उतरवू, औषध देऊ. तीन आठवडे गेले, वर्षं तर नाही गेली." मामा बरगडीवर लावलेलं जेल पुसत होते, पुसून झालं तरी पुसतच होते. "ताई," ते खालच्या आवाजात म्हणाले, "घरी सांगायला याल का माझ्याबरोबर?" मी गेले.

एकतीस नंबर निरोगी गटातून कमी झाला आणि एक माणूस कमी पडला. मीच माझं नाव दिलं. पुढच्या आठवड्यात फाइल घेऊन दारापाशी गेले, तेव्हा मामा तिथेच होते. त्यांनी यंत्राचं नाव काढलं नाही.

"ताई, काही खाल्लं असेल तर सांगा. उद्या करू, त्यात काय."

"काही नाही खाल्लं, मामा," मी म्हणाले, आणि मनात आलं, थोडं काहीतरी खाल्लं असतं तर बरं झालं असतं.