मॅडमचं गाव
तापलेल्या सीटचा वास आला की बरका गावातला तो रस्ता आठवतो. आखातात, रुसैलला आमच्या कारखान्यातल्या डच इंजिनिअर मॅडमची गाडी मी चालवायचो. त्यांचे वडील गावी वारले आणि विमान रद्द झाल्यामुळे त्यांना जाता आलं नाही. अंत्ययात्रेच्या वेळी आम्ही कामासाठी बरक्यात होतो. मॅडमनी गाडी रस्त्याकडेला थांबवायला सांगितली आणि भावाला व्हिडिओ कॉल लावला. भाऊ मोबाईल धरून शवपेटीमागून चालत होता. मॅडम मलाही दाखवत होत्या, बोलायच्या थांबतच नव्हत्या. "ही पवनचक्की, आजोबा चालवायचे. हा बांध. एकदा फुटला, तेव्हा अख्खं गाव चर्चच्या मनोऱ्यात चढून बसलं होतं. पाणी कुठवर आलं त्याची खूण भिंतीवर आहे, आता दिसेल बघ." उभ्या गाडीत एसी धड चालत नव्हता, त्या घामाने निथळत होत्या. मला राहवेना. "मॅडम, सावलीत घेतो," म्हणत मी गाडी पुढच्या झाडाखाली नेली आणि चित्र थिजलं. घाईघाईने मागे घेतली, पुन्हा पुढे नेली, पण रेंज येईना. अर्ध्या तासाने कॉल लागला तेव्हा पडद्यावर फुलं टाकून परतणाऱ्या माणसांच्या पाठी होत्या. "खलास," एवढंच मॅडम म्हणाल्या आणि माझा खांदा थोपटला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आता त्या मायदेशी गेल्यात, पण त्या रस्त्याने जाताना मी अजून अस्वस्थ होतो; ऊन त्यांनी सोसलं असतं, मी निदान विचारायला तरी हवं होतं.