आतल्या कोपऱ्यातला रेचा

मी वडनेरची. पन्नास सालानंतर दोन-चार वर्षांनी लग्न होऊन हिंगणघाटला आले आणि त्याच दसऱ्याला सासूच्या मागे मागे जिनात कामाला जाऊ लागले. कापसातून सरकी वेगळी काढायचा तो कारखाना. लांबच लांब पत्र्याची शेड, दोन्ही अंगांना रेच्यांच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रांच्या, रांगा आणि एकेका रेच्यासमोर एकेक बाई उभी राहून कापूस सोडते आहे, असा तो सगळा देखावा. माझी सासू तिथली मुकादमीण होती. मी त्यांना आत्याबाई म्हणत असे.

पहिल्या दिवशी त्यांनी मला काम दाखवलंच नाही. आधी माझा पदर ओढून कमरेला गच्च खोचला, वेणीचा अंबाडा बांधायला लावला आणि रेच्यांच्या मागून फिरणारे पट्टे दाखवले. पट्ट्यात लुगडं सापडलं की माणूस सापडतं, एवढंच म्हणाल्या. रोज सकाळी भोंग्याआधी त्या दाराशी उभ्या राहून प्रत्येकीचा पदर बघायच्या. कोणाचा सैल दिसला तर आत सोडायच्या नाहीत. रागवायच्याही नाहीत, नुसत्या वाट अडवून उभ्या राहायच्या. त्यांच्या मुकादमीत पट्ट्यानं कोणाचा हात घेतला नाही की जीव घेतला नाही.

पट्ट्याचं भय डोळ्यांना दिसत होतं, हवेचं दिसत नव्हतं. शेडच्या खिडक्यांना गोणपाट ठोकलेलं होतं, कारण वारा आला की रुई उडते आणि उडालेली रुई म्हणजे मालकाचं नुकसान. त्यामुळे कापसातली किटी, म्हणजे वाळल्या पानांचा चुरा, आतच तरंगत राहायची. दुपारपर्यंत समोरच्या रांगेतल्या बाईचं तोंड दिसेनासं व्हायचं. आम्ही नाकातोंडाला फडकं बांधायचो, सुट्टीत गुळाचा खडा चघळायचो. आठवडी बाजाराची सुट्टी संपवून कामावर आलं की त्या दिवशी छाती जास्तच आवळून यायची.

आत्याबाईंनी जागांच्या पाळ्या लावल्या होत्या. दर बाजारानंतर दाराजवळची बाई आत जायची, आतली दाराकडे यायची. खोकणारीला दाराजवळची जागा. पोटुशी असेल तिला बाहेर अंगणात कापूस निवडायला. पुढे मला दिवस गेले तेव्हा मलाही अंगणात पाठवलं, आणि सून म्हणून पाठवलं असं कोणी म्हणालं नाही. फक्त एका जागेला पाळी नव्हती. अगदी आतल्या कोपऱ्यातला रेचा. तिथे दोन भिंती मिळायच्या आणि सगळी किटी येऊन साचायची. तिथे आत्याबाई स्वतः उभ्या राहत, मी या घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून.

एकदा भाकरी थापता थापता मी विचारलं, "आत्याबाई, त्या कोपऱ्याची पाळी काऊन नाई लावत तुमी?"

त्या म्हणाल्या, "तिथं दुसरीले उभी केली, तर उद्या माह्यं कोन आयकन?"

तोवर विहिरीवरून घागर आणताना त्यांना मध्येच टेकावं लागत होतं.

मी अंगणात कापूस निवडत होते त्या हंगामात नवे मॅनेजर आले. नागपूरकडचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. आधीचे मॅनेजर शेडच्या दारातून नजर टाकून परत फिरायचे. हे आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. बायांनी मागाहून सांगितलं की आत्याबाईंना खोकल्याची उबळ आलेली पाहून ते कोपऱ्यात थांबले, आणि उबळ ओसरल्यावरही तिथेच त्यांच्या शेजारी उभे राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते आणि भुवया पांढऱ्या.

त्यांनी मालकांपाशी विषय काढला. भिंतीत वर, पत्र्याच्या खाली झरोके पाडायचे, त्यांना बारीक जाळी लावायची, म्हणजे हवा खेळेल आणि रुईही जाणार नाही. मालक नाही म्हणाले नाहीत. पण हंगामात भिंत फोडायची नाही, पावसाळ्यात जिन बंद असेल तेव्हा काय ते करा, म्हणाले. मग मॅनेजरांनी आत्याबाईंना कचेरीच्या ओट्यावर बोलावलं. त्यांचा हात धरायला मी सोबत गेले. भिंतीचं काम होईपर्यंत कोपऱ्यातला रेचा बंद ठेवतो, तुम्ही दाराशी बसून नुसती देखरेख करा, असं मॅनेजर म्हणाले.

आत्याबाईंनी विचारलं, "रेचा बंद केला तर एक बाई कमी होईन ना, साहेब?"

बंद रेच्याची मजुरी मालक देणार नाहीत, असं मॅनेजर म्हणाले.

कमी होणार ती सगळ्यांत शेवटी लागलेली बाई, हे आम्हाला तिघांनाही माहीत होतं. ती अल्लीपूरची होती. नवरा अंथरुणाला खिळलेला, पदरात लहान लहान मुली. तिच्या मजुरीवरच त्या घरची चूल पेटत होती.

"मंग राहू द्या," आत्याबाई म्हणाल्या. "पावसाळ्यापावतर काढतो मी."

मॅनेजरांनी पुन्हा समजावलं, पण त्या ऐकेनात. घरी जाताना वाटेत मी रडले, भांडलेसुद्धा. बाळंतपण झालं की त्या कोपऱ्यात मी उभी राहीन, म्हणाले. त्या थांबल्या, श्वास जुळवला आणि तू तुझ्या लेकराचं पाहा, एवढं बोलून पुढे चालू लागल्या.

हंगाम संपता संपता मला मुलगी झाली. पावसाळ्यात गवंडी आले, झरोके झाले. दसऱ्याला जिन उघडला तेव्हा शेड ओळखू येईना. वरून उजेड उतरत होता आणि दुपार झाली तरी समोरच्या बाईचं तोंड स्पष्ट दिसत होतं. बाया हसत होत्या, एकमेकींना हाका मारत होत्या. माझ्या नवऱ्यानं आत्याबाईंना बैलगाडीत बसवून आणलं होतं. दारापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत जायला त्यांना फार वेळ लागला. तिथे पोचल्यावर त्यांनी मान वर करून झरोक्याकडे पाहिलं. बोलण्याइतका श्वासच नव्हता.

मॅनेजरांनी मुकादमी त्यांच्याकडेच ठेवली. दाराशी बाज टाकून दिली. तिच्यावर बसून त्या काही दिवस बायांचे पदर बघत राहिल्या, मग तेवढंही होईना. आम्ही त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, काम कोणतं आणि किती वर्षांचं ते विचारलं, आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की ही छाती आता भरून यायची नाही, घरीच जपा. पौषात, एका सकाळी, भिंतीला टेकून बसल्या बसल्याच त्या गेल्या. आडवं होणं त्यांना केव्हाच जमेनासं झालं होतं.

मॅनेजर भेटायला आले. ओट्यावर सतरंजी टाकली होती, तिच्यावर न बसता जमिनीवरच बसले. माझा नवरा काहीबाही बोलत होता, त्यांचं लक्ष नव्हतं. शेवटी माझ्याकडे पाहून म्हणाले, "मी त्यांना विचारायलाच नको होतं. रेचा बंद करायचा आणि त्या बाईला दुसरं काम शोधून द्यायचं, हे माझं काम होतं. ते मी त्यांच्यावर टाकलं."

मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांच्याआधी आत्याबाईंच्या शेजारी त्या कोपऱ्यात कोणी उभंच राहिलं नव्हतं. मी त्यांना पाणी दिलं. ते प्यायले आणि गेले.

अल्लीपूरची बाई संध्याकाळी आली. खूप रडली. आत्याबाईंनी पहिल्या दिवशी आपला पदर कसा खोचून दिला, ते सांगत राहिली. माझ्या मुलीला तिनं मांडीवर घेतलं. मग डोळे पुसून मला विचारलं, "तो रेचा मागच्या सालीच बंद करून राह्यले होते म्हन्तेत. मंग काऊन नाई केला वो?"

मी म्हटलं, "मले नाई मालूम, बाई."