वर्दी आणि पत्रक

लष्करावरचा खर्च कमी करून खेड्यांत दवाखाने काढा, असं पत्रक मी लिहिलं आणि छापायच्या आधी भिंगारच्या लष्करी कॅम्पात शिंपी असलेल्या मामाला वाचायला दिलं. नव्या भरतीतल्या पोरांना मिळणाऱ्या ढगळ वर्द्या मामा अंगाबरोबर करून देतो. त्याच कमाईवर मामीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं.

पत्रक वाचून मामा म्हणाला, "भाचेबुवा, आधी मामीला चालू द्या, मग फौज कमी करा."

मी ओशाळून हसलो.

"पण दवाखान्याचं खरं हाय तुझं. मामी गावाकडं राहते, तिथं असता, तर गुडघा इतका गेलाच नसता."

पत्रक मी मागं घेतलं नाही. फक्त पहिली मागणी बदलली: फौज कमी करण्याआधी कॅम्पातल्या शिंप्यांना दुसरं काम द्या.