लाल छत्री उघडेपर्यंत

कान्हे स्टेशनवर आम्ही तिघी उतरलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. फलाटावर आमच्याखेरीज दोन दूधवाले आणि एक कुत्रा एवढेच होते. लोणावळ्याहून पुण्याच्या दिशेने येणारी ती लोकल जवळजवळ रिकामीच आली. तुंगार्लीत ज्यांच्या बंगल्यातली खोली आम्ही घेतली होती, त्या बाईंनी आदल्या दिवशीच सांगितलं होतं, "गाडी करू नका. हायवेच्या रांगेत अर्धा दिवस जाईल. लोकलने जा, पुढे रिक्षा मिळते." योग्य सल्ला देणारी माणसं प्रवासात फार थोडी भेटतात. त्या बाई त्यांतल्या होत्या.

तिघी म्हणजे मी, माझी मुलगी ईशा आणि माझ्या मोठ्या नणंद कुसुमवन्सं. मी बार्शीला शाळेत गणित शिकवते, त्यामुळे सहली दिवाळीच्या सुट्टीतच होतात. थीम पार्क ही ईशाची मागणी. वन्संना बरोबर घेणं हा माझा निर्णय. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. तेव्हापासून त्या कुठे निघत नव्हत्या, आणि निघाल्याच तर मांडीवर पिशवी घट्ट धरून बसत. मला त्या पिशवीचा राग यायचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

रिक्षा भाताच्या खाचरांमधून गेली (खाचर म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं भाताचं शेत). पाऊस संपून महिना झाला होता. पाणी आटलेलं, पीक पिवळं, आणि जागोजाग बायका वाकून कापणी करत होत्या. ज्वारीच्या मुलखातून आलेल्या माणसाला एवढं आखूड पीक आधी खरं वाटत नाही. वन्सं म्हणाल्या, "ह्यात पाखरू तरी लपेल का गं?"

पार्कच्या दाराशी प्लॅस्टरचा किल्ला आहे. बुरूज, तोफा, भगवे झेंडे, सगळं. त्याच्या मागे डोंगररांगेत खरे लोहगड आणि विसापूर उभे आहेत, पण फोटो सगळे प्लॅस्टरच्या किल्ल्यासमोर काढत होते. आम्हीही काढला.

ईशा वन्संना स्वच्छतागृहाकडे घेऊन गेली आणि मी त्यांची पिशवी सांभाळत रांगेत उभी राहिले. दारावरच्या गार्डने पिशवी उघडली. "मॅडम, बाहेरचं खाणं आत चालत नाही."

"धपाटे आहेत. घरचे." धपाटे म्हणजे ज्वारीच्या पिठाचे, तिखट, दोन दिवस टिकणारे. आमच्याकडे त्यांच्याशिवाय कोणी गाव सोडत नाही.

"घरचे म्हणजे बाहेरचेच की, मॅडम."

मी रांगेतून बाहेर पडले. रस्त्यापलीकडे चार-पाच टपऱ्या होत्या. एका टपरीत पन्नाशीची, कपाळावर गोंदण असलेली बाई लाल छत्रीखाली काकड्या आणि उकडलेल्या शेंगा विकत होती. तिच्याकडे गेले आणि धपाट्यांची चळत व शेंगदाण्याच्या चटणीचा स्टीलचा डबा तिच्यापुढे ठेवला.

"संध्याकाळपर्यंत उन्हात खराब होईल. तुम्ही खाऊन टाका. डबा तेवढा जाताना घेऊन जाते."

"अवो ताई, तुमी काय खानार?"

"आत मिळेल काहीतरी."

"आत लय म्हाग हाय," ती म्हणाली आणि दोन काकड्या चिरून, मीठ लावून माझ्या हातात ठेवल्या. पैसे घेईना. "धपाट्याचं झालं की."

काकड्या आम्ही दारातच उभ्या उभ्या खाल्ल्या. पिशवी लॉकरमध्ये टाकली. वन्संनी चावी स्वतःकडे मागून घेतली. मी मनात म्हटलं, आता चावी धरून बसतील.

आतली गंमत मी प्रामाणिकपणे सांगते. पहिला तास रांगेतच जातो. मग तुम्हाला एका गाडीत बांधून अंधाऱ्या गुहेतून नेतात आणि बाहेर पडताना तोंडावर पाणी मारतात. ईशा किंचाळली, मीही किंचाळले. माझा आवाज तिच्यापेक्षा मोठा निघाला असं तिचं म्हणणं आहे. एका उलटं होणाऱ्या जहाजात माझा चष्मा कपाळावर गेला. वन्सं मात्र कशातच बसल्या नाहीत. "माझं मी बाकावर बसते. तुम्ही या जाऊन." ईशाने तीनदा ओढून पाहिलं. "आत्या, निदान आकाशपाळणा तरी!" "मला खाली बघवत नाही गं बाई."

बारा वाजता जेवायचं ठरलं. वन्सं लॉकर उघडून पिशवी घेऊन आल्या आणि तिच्यात हात घालून उभ्या राहिल्या.

"सुनंदा, डबा कुठाय?"

मी सांगितलं.  त्यांनी एवढंच विचारलं, "चटणीचापण दिलास?"

"हो. चटणीचं काय एवढं, वन्सं? घरी किलोभर आहे."

त्या बाकावर बसल्या. चेहरा एकदम उतरला. मला वाटलं चक्कर आली. ईशा पाणी आणायला धावली. ती गेल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "तळाला माझं डोरलं आहे."

डोरलं म्हणजे आमच्याकडचं जुन्या घडणीचं, दोन वाट्यांचं मंगळसूत्र. प्रवासात सोनं चटणीच्या डब्यात तळाशी दाबून न्यायचं, ही माझ्या सासूबाईंची शिकवण होती. चोर सगळं उघडतो, चटणीचा डबा उघडत नाही. पद्धत मला ठाऊक होती. पण वन्सं ते बरोबर घेऊन फिरतात, हे ठाऊक नव्हतं.

"गळ्यात घातलं की लोक बघतात," त्या म्हणाल्या. "घरी ठेवलं की मला झोप लागत नाही. मग डब्यात ठेवते. दोन वर्षं झाली."

दोन वर्षं मी ज्या पिशवीवर चिडत होते, तिच्यात काय होतं ते आता कळलं. आणि ते मी स्वतःच्या हाताने काकडीच्या बदल्यात देऊन आले होते.

आम्ही दाराकडे पळालो. लाल छत्री मिटलेली होती, टपरीवर गोणपाट टाकलेलं. गार्ड म्हणाला, एकदा बाहेर गेलात तर तिकीट संपलं. पण मी जे घडलं ते सरळ सांगितल्यावर त्याने आम्हाला तिथेच थांबवलं आणि शेजारच्या कणसंवाल्याला हाक मारली. तो निखाऱ्यावरचं कणीस तसंच हातात घेऊन आला.

"हिराबाई व्हय? ती कापणीला ग्येली. बायांची न्याहारी घेऊन. तुमचाच डबा व्हता वाटतं."

"खाचर कुठे आहे? आम्ही जातो."

"नदीच्या पल्याड. तुमी या वाटंनं जानार, ती त्या वाटंनं येनार. चारला गिऱ्हाईक सुटतंय, तवा छत्री उघडती. येनार म्हंजे येनार."

"फोन आहे का तिचा?"

"हाय की. घरी. खाचरात पडतोय म्हणून नेत न्हाई."

साडेबारा झाले होते. साडेतीन तास. वन्सं दारापाशीच उभ्या राहायला तयार होत्या, पण ऊन कडक होतं आणि गार्डलाही गर्दी आवरायची होती. पाणी घेऊन आलेल्या ईशाला सगळं सांगितलं. तिने आकाशपाळण्याकडे बोट दाखवलं.

"वरून गेट दिसत असणार."

मी वन्संना काही म्हणणार, तोवर त्या रांगेकडे निघाल्या होत्या.

पहिल्या फेरीला त्यांनी डोळे मिटून माझा दंड धरला. सुटका झाली तेव्हा दंडावर बोटं उमटली होती. पण पाळणा माथ्यावर थांबला तशा त्यांनी डोळे उघडले आणि थेट खाली बघितलं. प्लॅस्टरचा किल्ला, त्यापलीकडे रस्ता, रस्त्यापलीकडे टपऱ्यांची रांग, त्यात एक तपकिरी ठिपका. गोणपाट.

"मिटलेलीच आहे," त्या म्हणाल्या.

मग आम्ही जेवलो. पुरी-भाजी घेतली. हिराबाईने खरंच सांगितलं होतं, आत लय म्हाग. दोनला दुसरी फेरी. या वेळी वन्संनी दंड सोडून दांडा धरला. नदी कुठे आहे ते त्यांनीच आधी ओळखलं, आणि पलीकडच्या खाचरांत वाकलेल्या बायका मोजायला लागल्या. "त्यातली एखादी असेल ती." तीनला तिसरी. पाळणा चालवणारे काका ओळखीचं हसले. "मावशी, लय आवडलेलं दिसतंय!" वन्सं म्हणाल्या, "काम आहे."

मी या फेऱ्यांत काय केलं? खरं सांगायचं तर हिशेब मांडत बसले, की ती बाई परत आलीच नाही तर काय. अनोळखी बाई, सोन्याची वस्तू, कोणी पाहिलेलं नाही. गणिताच्या बाईला शक्यता मांडायची सवय असते. उत्तर काही चांगलं येत नव्हतं. उजवीकडे विसापूरवर ढगांची सावली सरकत होती, रेल्वेचे रूळ उन्हात चमकत होते, सगळं मावळ तळहातावर ठेवल्यासारखं दिसत होतं, आणि मी ते नीट पाहिलंही नाही. वन्संनी पाहिलं. त्यांना बघायचं कारण होतं.

पावणेचारला चौथी फेरी. पाळणा वर चढत होता, आम्ही अजून अर्ध्यावर होतो, तेवढ्यात वन्सं उभ्याच राहिल्या.

"उघडली! छत्री उघडली!"

खालून काका ओरडले, "मावशी, बसा! पडाल!" वन्सं बसल्या, पण हसत होत्या.

उरलेल्या फेरीला जन्म गेला. बाहेर पडताना गार्डने नुसता हात वर केला. रस्ता ओलांडताना मला हिराबाई दिसली, आणि तिच्या गळ्यात काळे मणी दिसले. खाली दोन वाट्या. सकाळी तिचा गळा मोकळा होता, एवढं मला आता आठवलं. माझ्या मनात जे आलं ते लिहायला नको. लिहिते तरी: बाईने घातलं. संपलं.

"आलात?" ती म्हणाली. "थांबा. डब्यावर नाव काय लिवलंय, सांगा."

"कुसुम," मी म्हटलं.

"नुस्तं कुसुम न्हाई. माज्या पुतणीनं वाचून दावलंय."

मला पुढचं माहीत नव्हतं. वन्संच्या आंदणातला डबा होता, नाव किती तरी वर्षांपूर्वी कोरलेलं. वन्सं पुढे आल्या. घसा साफ केला.

"सौ. कुसुम दत्तात्रय."

"ह्ये बराबर," हिराबाई म्हणाली आणि मानेमागे हात नेऊन फासा काढला. "घ्या मावशी तुमचं. तळाला चमचा लागला न्हवं, वाजला खणकन. धुतलं. मग आली का पंचाईत! खाचरात ठिवायचं कुटं? पदराला बांदलं तर सुटतंय. भेगंत पडलं तर पुढच्या साली नांगराला घावंल. म्हणलं गळ्यात घालावं, म्हंजे ध्यान ऱ्हातंय."

कणसंवाला हसत म्हणाला, "सांग की त्यास्नी बाया काय म्हणल्या."

"काय म्हणायच्यात! आमचं मालक जाऊन धा वरसं झाली. समद्या इळे टाकून हसाय लागल्या. 'हिरे, कुनाबरुबर लगीन लावलंस?' म्या म्हणले, कुनाबरुबर न्हाई, चटणीत घावलं!"

ईशा आधी हसली. मग मी. वन्संना हसावं की नाही ते समजेना, आणि मग त्याही हसल्या, पदर तोंडाला लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. डोरलं त्यांच्या मुठीत होतं.

"तुम्हाला काही वाटलं नाही?" त्यांनी विचारलं. "घालताना?"

"वाटायचं काय, मावशी? दिसभर गळ्याला जरा वजन व्हतं. बरं वाटलं." मग ती डबा पुसायला लागली. "पन चटणीत ठिवू नगा. लसनानं काळं पडतंय. घालायचं तर घाला, न्हाईतर घरला ठिवा. डब्यात काय करायचंय त्याला?"

 वन्संनी ईशाकडे पाठ केली आणि म्हणाल्या, "फासा लाव गं." ईशाने लावला.

मी पाकीट काढलं. हिराबाईने माझ्याकडे असं बघितलं, की मी ते परत ठेवलं. डबा तिने दिला तो जड होता. "रिकामा कसा देयाचा? आमचा इंद्रायणी तांदूळ हाय, गेल्या सालचा. नवा आजून खाचरात हाय." मी तिचे आभार मानले, पण ते पुरेसे झाले नाहीत. तिच्याबद्दल मनात काय आलं होतं ते मात्र सांगितलं नाही. ते इथे सांगितलं.

परतीच्या लोकलमध्ये समोर बसलेल्या बाईंनी वन्संच्या गळ्याकडे पाहून गप्पा काढल्या. "यजमान नाही आले वाटतं बरोबर?"

मी मध्ये पडणार होते. वन्सं म्हणाल्या, "ते नाहीत. डोरलं आहे." आणि त्या बाई गोंधळलेल्या असतानाच पुढे म्हणाल्या, "त्या पार्कात जाणार असाल तर पाळण्यात कडेला बसा. गेटपासून नदीपर्यंत सगळं दिसतं."

बार्शीला आल्यावर तो तांदूळ आम्ही शिजवला. मऊ, सुवासिक, आणि पहिल्या भाताला लसणाचा बारीक वास. कोणी तक्रार केली नाही. वन्सं आता आमच्याबरोबर कुठेही यायला तयार असतात. पिशवी मांडीवर नसते, वरच्या फळीवर असते. निघायच्या आदल्या दिवशी चटणीचा डबा मी भरते, आणि भरून झाल्यावर एकदा तळापर्यंत चमचा घालून बघते.

अजून खणकन वाजलेला नाही.